जनार्दनदादांचं फोल्डर

आमच्या पूर्ण्याच्या गोदामात माल चार दिवस थांबला तर साहेब ओरडतात. पण कॉम्प्युटर रूममधले किस्से? ते वर्षानुवर्षं पडून आहेत, कुणी उचलत नाही! त्यातले बहुतेक एकाच माणसाचे, दिघाशीच्या जनार्दनदादांचे. दादा आमचे सिस्टिमवाले. चार वर्षांपूर्वी मस्कतला गेले. मला त्यांची रोज आठवण येते, खोटं कशाला बोलू!

*

माझा पहिला आठवडा. लिनक्स मशीनवर कमांड टाइप केली की मशीन ती ठरलेल्या फोल्डरांत शोधतं. त्या फोल्डरांच्या यादीला म्हणतात पाथ. मला त्यात एक फोल्डर वाढवायचं होतं. मी नवं तेवढं लिहिलं आणि जुनी यादी जोडायचीच विसरले! मग काहीही टाइप करा, उत्तर एकच, ‘कमांड नॉट फाउंड’. मी रडायच्या बेतात.

“अगं बाय, मशीन मेलं न्हाय!” दादा म्हणाले. “तू त्याला सगल्यांचे पत्ते विसरवलेस. खिडकी बंद कर, परत उघड.”

उघडली, तर सगळं जागच्या जागी. त्या दिवशीचा चहा मात्र मला पाजावा लागला.

*

आमचे अन्सारीभाई पॉवरलूमवाल्यांच्या घरातले, लेबलांचं काम बघतात. त्यांनी लेबलं क्रमानं लावून छापणारी स्वतःची कमांड केली आणि नाव ठेवलं ‘सॉर्ट’! त्या नावाची, यादी क्रमानं लावणारी कमांड मशीनमध्ये आधीपासून असते; आमचे रिपोर्टही तीच वापरतात. वर भाईंनी आपलं फोल्डर पाथमध्ये सगळ्यांच्या पुढे लावलेलं. जे आधी सापडेल ते चालतं. साहेबांसाठी हजेरीचा रिपोर्ट काढला, तर प्रिंटरमधून लेबलं सुटली धडाधड!

“अरे, तुझं फोल्डर पयलं कशाला घुसवलंस?”

“क्या करूँ दादा, लाइन में आगे रहने की आदत है!”

दादा इतके हसले की ओरडायचं राहूनच गेलं.

*

एकदा सकाळची यादी आपोआप निघावी म्हणून मी वेळ लावून ठेवली. हातानं चालवली की चालायची, आपोआप काही निघेना. तीन दिवस डोकं आपटलं.

“आपोआप चालते तवा तिला आपला पाथ ठावा नसतो,” दादा म्हणाले. “पाव्हणी हाय ती. पूर्ण पत्ता दे.”

पूर्ण पत्ता दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून यादी वेळेवर.

*

दादांच्या कमांडी मराठीत असायच्या. ‘कुठे’ लिहून पार्सलचा नंबर दिला की रॅक कळायचा. मस्कतला जायच्या दिवशी त्यांनी आपलं फोल्डर सगळ्यांच्या डिफॉल्ट पाथमध्ये, म्हणजे काही न करता प्रत्येकाला आपसूक मिळते त्या यादीत, टाकलं. “दोन वर्सांचा करार. मग हायेच मी हितं.”

दोनाची चार झाली. पण फोल्डर होतं, म्हणून मला वाटायचं, येतील.

*

मागच्या महिन्यात हेड ऑफिसचा मेल आला. सोडून गेलेल्यांची खाती फोल्डरासकट काढा. तीन दिवस मी तो मेल दिसलाच नाही असं दाखवलं. मग फोन लावला.

“दादा, परत येणार असाल तर मी साहेबांशी भांडते. खरं सांगा.”



“न्हाय गं. पोरांची शाला हितंच लावली. कमांडी सामायिक फोल्डरात हलव आणि माजं काढ.”

फोन कानाला लावूनच एकेक हलवत गेले. शेवटी एक उरली, ‘जेवण’. दीड वाजला की दादा ती चालवायचे आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर यायचं, ‘चला जेवाला!’ कामाचा उपयोग शून्य.

“दादा, ‘जेवण’ ठेवू की काढू?”

“परवा हितं हातानं सवयीनं तीच टाइप केली,” दादा म्हणाले. “कमांड नॉट फाउंड! बाजूचा विचारतो, ही कसली कमांड?”

“मग काय सांगितलंत?”

“म्हटलं, आमच्याकडं डिफॉल्ट हाय!”