बीबीएची पहिली बॅच

कॉलेजच्या ऑफिसात फॉर्मच्या खिडकीवर वीस वर्षं बसलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. तेच येऊन रांगेत उभे राहतात! मी स्वतः मॅट्रिक. पण आमच्या मिशनच्या कॉलेजात बीबीए निघालं, तेव्हा त्याचे नियम मला तोंडपाठ करावे लागले. बारावी पास, शाखा कोणतीही. हजेरी पंच्याहत्तर टक्के. मूल्यशिक्षण सक्तीचं. शेवटच्या वर्षी सहा आठवडे एखाद्या धंद्यात काम करून प्रोजेक्ट, त्याशिवाय डिग्री नाही. कापसाची ती वाईट वर्षं होती. पहिल्या बॅचला पोरं मिळतील की नाही, याचीच आम्हाला धास्ती!

*

पहिल्याच दिवशी कळंबकडच्या एका खेड्यातून गंगाबाई आल्या, मुलगी रंजनाला घेऊन. गंगाबाई कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीच्या प्रमुख. बावीस बाया गोळा करायच्या, शेतावर न्यायच्या, त्यांची भांडणं मिटवायची, हे त्यांचं रोजचं काम.

"याच्यात काय शिकवतेत बाई?"

मी पाठ केलेलं सांगितलं, "माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, ते."

त्या पोरीकडे वळल्या. "अन् त्याले तीन वर्सं लागतेत?"

तरी फॉर्म भरला.

*

आमच्या प्राचार्या सिस्टर कॉपीच्या बाबतीत फार कडक. पहिल्या परीक्षेला एका पोराच्या खिशातून त्यांनी कागद ओढला. निघाला कळंबच्या चिंतामणी गणपतीचा फोटो! पोरगा पांढराफटक. मिशनचं कॉलेज, आता काय होतं कोण जाणे!

सिस्टरांनी फोटो हलकेच परत दिला. "ठेव. पण बाळा, हेसुद्धा अभ्यास विचारतात बरं का!"

*

प्रेझेंटेशनला टाय सक्तीचा. अख्ख्या वर्गात टाय एकच, तोही शिकवणाऱ्या देशमुख सरांचा. गाठही फक्त त्यांनाच येई. म्हणून ती न सोडता, नुसती सैल करून टाय या गळ्यातून त्या गळ्यात जायचा. एकदा सर रजेवर, आणि कुणीतरी गाठ सोडली! शेवटच्या पोराचा नंबर आला. त्यानं टाय सरळ मफलरसारखा गुंडाळला.

सिस्टर म्हणाल्या, "हे काय?"

"सिस्टर, आज मी हाच माल विकून राह्यलो. थंडीसाठी एकदम नवीन!"

*

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा. सगळ्यांच्या अर्जात एकच कारण, पोटदुखी! एकट्या रंजनानं लिहिलं होतं, 'आईबरोबर कापूस वेचायला गेले होते.'

नियमात आजारपणाची रजा बसत होती. कापूस कुठेच बसत नव्हता. खोटं लिहिणाऱ्यांची हजेरी भरली, खरं लिहिणारीची कमी पडली. रंजना माझ्या खिडकीशी येऊन रडली. "मावशी, मी बी पोट दुखते लिहिलं असतं तर?"

सिस्टरांनी तिच्यासाठी सकाळी सातला जादा तास लावले. आणि पोटदुखीवाल्या सगळ्यांनाही बोलावलं!

"पोटाला सकाळची हवा चांगली असते," म्हणाल्या.

*

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आला आणि पोरांचे चेहरे उतरले. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांना कुलपं. सहा आठवडे ठेवून घेणार कोण? रंजना सरळ आईच्या टोळीत गेली, वही घेऊन. प्रोजेक्ट चांगला झाला. पण सर्टिफिकेटवर मालकाची सही आणि फर्मचा शिक्का हवा होता. टोळीला कसला शिक्का?

तिनं आणलेला कागद मी पाहिला. शिक्क्याच्या जागी बावीस बायांचे अंगठे! वर आईचा.

देशमुख सर डोकं धरून बसले. "बाहेरचे परीक्षक हे चालवतील का गं? प्रोजेक्ट गेला, की तुझी डिग्री गेली."

*

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी दारातच होते. परीक्षकांनी तो कागद उलटसुलट पाहिला.

"ही फर्म आहे, हे मी कशावरून मानू?"

रंजनानं दाराकडे बोट केलं. "सर, मालक बाहेर आहेत."

खरंच, गंगाबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. पोरीची परीक्षा म्हणून वेचणी सोडून आलेल्या. परीक्षकांनी त्यांना आत बोलावलं.

"हिनं तुमच्याकडे सहा आठवडे काम केलं?"

"केलं जी."

"कसं केलं?"

गंगाबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत. "लय मंद हाये साहेब. हात चालत नाही तिचा. वेचणं राह्यते बाजूले, अन् बायाईसंग बोलत बसते. कोणाचं काय दुखते, कोणाले घरी काय तरास हाये, सारं लिहून घेते."

रंजनानं मान खाली घातली. देशमुख सरांनी डोळेच मिटले.

"मग अंगठा कशाला दिलात?"

"औंदा माह्या टोळीतली एक बी बाई दुसऱ्या टोळीत गेली नाही, साहेब. दरसाली सात-आठ जातेत."

परीक्षकांनी तो कागद नीट फाईलला लावला. मग माझ्याकडे वळले.

"मावशी, एक खुर्ची आणा. मालकीणबाई केव्हाच्या उभ्या आहेत."