हिरव्या पानाची झबली

आम्ही रसायनीत राहतो. वारा फिरला की कारखान्यांचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. म्हणूनच की काय, मुलाच्या वेळी मी लेबलं वाचून वाचून कपडे घेतले. सेंद्रिय कापूस, रंगात रसायन नाही, कोपऱ्यात हिरवं पान. नवरा चेष्टा करायचा, की पोरगा श्वास घेणार इथलाच आणि झबलं मात्र शुद्ध. मी म्हणायचे, निदान माझ्या हातातलं तरी चांगलं असू दे. लेबलावर असंही लिहिलं होतं की हा कपडा टिकतो, एका बाळानंतर दुसऱ्याला द्या. ते मला फार आवडलं होतं.

कपडे टिकले. मुलगा राहिला नाही. ताप डोक्यात गेला आणि तो रांगायच्या आतच गेला. त्या कंपनीचा मला अजून राग येतो. हा राग वेडा आहे, हेही कळतं. बोलल्याप्रमाणे वागली ती एकटीच.

ती झबली मला बघवत नव्हती आणि टाकवतही नव्हती. शेवटी बायकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, फुकट देणार म्हणून. कुठल्या तरी बाळाच्या अंगात ती हलावीत, एवढंच मला हवं होतं.

कर्जतहून एक सासू-सून आल्या. सुनेचे दिवस भरत आले होते. तिने आधी लेबल उलटून पाहिलं, मग कापड चिमटीत चोळलं, हुंगलं. या ब्रँडचं कापड कितीही धुतलं तरी विरत नाही, म्हणाली. सासूने कापडाला हातही लावला नाही. आमच्याकडे नव्या बाळाला पहिल्यांदा जुनं घालतात, तेही धडधाकट मुलाच्या अंगावरचं, त्याचं आयुष्य याला लागावं म्हणून. तिला मूल पारखायचं होतं. खरं सांगितलं असतं, तर ती झबली परत कपाटात गेली असती.

केवढा झाला, तिने विचारलं. चालतो आता, मी म्हणाले. तिने दातांचं विचारलं, तेही आले. खातो काय, तर वरणभात, अगदी मिटक्या मारत. मला थांबताच येईना. माझ्या चपला घालून घरभर फिरतो, हे तर कुणी विचारलंही नव्हतं. तो इतका खरा झाला, की मला आतल्या खोलीच्या दाराकडे बघायची भीती वाटू लागली.

“पोर कुठं हाय गं? बघू तरी,” सासू म्हणाली. “पयलं आंगडं त्याचंच घालायचं हाय.”

“झोपलाय,” मी म्हणाले.

तिचा आवाज एकदम खाली आला. उठवू नको, असं तिने हातानेच सांगितलं. सुनेने पिशवी वाजू नये म्हणून छातीशी धरली आणि दोघी त्या बंद दारावरून पाय न वाजवता बाहेर पडल्या.

संध्याकाळी नवऱ्याने बेल वाजवली, तेव्हा मी धावत जाऊन दार उघडलं आणि त्याला म्हणाले, हळू.