शिवलिंगच्या गाडीची काळी चाकं

आमच्या समोरच्या रंगनाथशेठ कापडवाल्यांकडं शिवलिंग ड्रायव्हर आहे. कपाळावर भस्म, बोलणं कमी, आणि गाडी घरच्या माणसासारखी जपणारा. मला गाड्यांतलं काही कळत नाही. तरी जे पाहिलं ते लिहितो; कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

जुनी जीप गेली आणि शेठनी चकाकत्या अलॉय चाकांची गाडी घेतली, तिथून घोटाळा सुरू झाला. शिवलिंग सकाळी चाकं लखलखीत करायचा, शेठना गंगाखेडच्या दुकानात सोडायचा आणि रिकामी गाडी परभणीला घरी आणायचा. तोवर पुढची दोन्ही चाकं काळी. रस्ता सगळा डांबरी. पण वाटेत पिंगळी लागते, आणि पिंगळीला शिवलिंगचं रान आहे. आपल्याकडं काळं दिसलं की ती काळी माती, दुसरं काही सुचतच नाही. शेठनी अर्थ लावला की हा गाडी रानात नेतो.

शिवलिंगचं म्हणणं, रानात गेलो असतो तर मागची चाकं बरी कशी राहिली असती? शेठ म्हणाले, मागची घाईत पुसली असशील. मीही चाकावर बोट फिरवून पाहिलं. बोट काळं झालं. पाणी लावलं तर चिखल होईना. माती नाही म्हणावं, तर मग काय? पुढं शिवलिंगही गोंधळला. त्यानं तारेची घासणी लावली. चाकांवर ओरखडे उठले, काळं मात्र दुसऱ्या दिवशी हजर. शेठ पुन्हा बोलले.

तेव्हा त्यानं किल्ली ओट्यावर ठेवली. "तुमीच चालवा शेठ. खोटा म्हणवून घेऊन मला गाडीत बसवंना."

शेठनी चाकं स्वतः धुतली, गाडी स्वतः चालवली. शनिवारी बायकोला, लीलाबाईंना, घेऊन पोखर्णीच्या नृसिंहाला जाऊन आले. दारात उतरताना लीलाबाईंनी चाकांकडं पाहिलं.

"आता तुमी कोणाच्या रानात जायलाव?"

मग गाडी गॅरेजला गेली. गॅरेजवाला म्हणाला, ब्रेक दाबला की आतलं पॅड झिजतं, त्याची भुकटी चाकावर बसते. थांबताना भार पुढं येतो, म्हणून पुढची चाकं जास्त काळी. चाक गार झाल्यावर साबणाच्या पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवा. तारेची घासणी नको.

संध्याकाळी शेठ किल्ली घेऊन शिवलिंगच्या घरी गेले. मलाही सोबत नेलं, कशाला ते समजलं नाही. उद्या गंगाखेडला जायचंय, एवढंच ते म्हणाले. शिवलिंगनं हात पुढं केला नाही.

"आधी सांगा शेठ, मी रानात गेलतो का?"

शेठ चपला काढून आत आले.

"न्हाई गेलतास, बाबा."

त्यानं किल्ली घेतली आणि बायकोला, शिवम्माला, चहा टाकायला सांगितलं. चहा पिताना त्यानं विचारलं, ब्रेक असा रोज झिजतो तर एक दिवस संपत कसा न्हाई? शेठनी माझ्याकडं पाहिलं. मला काय ठाऊक? गॅरेजवाल्याला हे विचारायचं राहिलंच होतं.