ठसा ओळखणाऱ्या साळवे मॅडम

प्राध्यापिका शीला साळवे यांची माझी पहिली भेट जालन्यात, आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत झाली. पिंपळगाव रेणुकाईहून नोकरीला आलेला मी नवखा साहाय्यक. एका संगणकावरची विचित्र नावाची फाईल मी व्हायरस समजून पुसली आणि प्रिंटरच बंद पडला. मॅडम रागावल्या नाहीत. शेजारी खुर्ची ओढून म्हणाल्या, "नुसतं नाव ऐकून माणूस ओळखता का तुम्ही? मंग फाईल कशी ओळखली?"

त्याच दिवशी त्यांनी मला हॅश समजावला. कोणतीही फाईल ठरावीक गणिती सूत्रातून काढली की अक्षरा-आकड्यांची एक ओळ मिळते. तो त्या फाईलचा ठसा. फाईलचे नाव बदलले तरी ठसा तोच राहतो. आतला एक स्वल्पविराम बदलला तर अख्खा ठसा बदलतो. ओळखीच्या सॉफ्टवेअरच्या मूळ फाईलींचे ठसे जवळ असले, की कुठली फाईल अस्सल आणि कुठली सोंग घेतलेली, हे सांगता येते.

असे ठसे मॅडमनी वर्षानुवर्षे जमवले. शाळा, दवाखाने, छपाईची दुकाने, जिथे जातील तिथे त्या मूळ सीडी मागत. "जुन्या सीड्यांचं लोणचं घालणार का?" असे एका सहकाऱ्यांनी विचारले, तेव्हा सर्वांत मोठ्याने मॅडमच हसल्या आणि त्या सहकाऱ्यांच्याही घरच्या सीड्या मागून घेऊन आल्या.

या कष्टाचे चीज अंबडला झाले. तिथल्या एका शाळेतली प्रश्नपत्रिका फुटली. कार्यालयातल्या संगणकावर एक चमत्कारिक नावाची फाईल सापडली आणि ती चोरीसाठीच टाकली, असा आरोप ऑपरेटर वंदनाताई खरात यांच्यावर आला. त्या निलंबित झाल्या. शेजारच्यांनी बोलणे टाकले. न्यायालयाने त्या संगणकाची जशीच्या तशी प्रत तपासणीसाठी मॅडमकडे सोपवली.

मॅडमनी आपल्या यादीशी हजारो फाईली ताडून पाहिल्या. संशयाची ती फाईल निघाली मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरची, मूळ सीडीवर होती तशीच. पण 'कॅल्क्युलेटर' अशा साध्या नावाची एक फाईल मात्र मूळ ठशाशी जुळेना. कागदपत्रे बाहेर पाठवणारी तीच होती, आणि ती संगणकात आली त्या दिवशी वंदनाताई रजेवर होत्या.

सुनावणीला मी मॅडमसोबत गेलो होतो. सरकारी वकिलांनी विचारले, "नाव बदलून फाईल लपवता येत नाही का?"

"बराबर आहे साहेब, नाव बदलता येतं," मॅडम म्हणाल्या. "आपणच बदलून पाहावं."

न्यायाधीशांच्या परवानगीने वकिलांनी स्वतः एका फाईलचे नाव बदलले. ठसा हलला नाही. मग आत एक पूर्णविराम टाकला. सगळी ओळ पालटली. वकील स्वतःच म्हणाले, "समजलं."

वंदनाताई निर्दोष सुटल्या. त्यांचे वडील दगडूबा बाहेर येऊन मॅडमपुढे हात जोडून उभे राहिले. "मॅडम, सहा महिने झाले, माही लेक मान खाली घालून चालून राह्यली व्हती. आज तिनं वर पाह्यलं." मॅडमनी त्यांचे हात धरले आणि एवढेच म्हणाल्या, "काका, तिनं काही केलंच न्हाई, तर मान खाली कशाला?" आज वंदनाताई त्याच शाळेत, त्याच टेबलावर सन्मानाने काम करतात.

या विजयानंतरचीच एक गोष्ट. एका दवाखान्याला पूर्वी दिलेल्या संगणक तपासणीच्या अहवालात मॅडमना स्वतःची चूक सापडली. कोणाच्याही लक्षात आली नव्हती. मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिकडे गेल्या, डॉक्टरांसमोर चूक कबूल केली आणि दुरुस्त अहवाल देऊन आल्या. मला त्यांचा अंबडचा विजय जितका मोठा वाटतो, तितकाच हा प्रवासही.

माझी आई आजारी होती तेव्हा माझी प्रात्यक्षिके महिनाभर त्यांनीच घेतली. मी आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "आधी सांगा, आई जेवतात का आता?"

मॅडम साठीत पदार्पण करीत आहेत. निवृत्तीनंतर आपल्या गावी, टेंभुर्णीला, शिक्षकांसाठी संगणक तपासणीचा वर्ग सुरू करण्याचे त्यांनी ठरवले आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. नजर अशीच तेज राहो, आवाज असाच खणखणीत राहो. त्या वर्गासाठी पहिले नाव मी माझेच नोंदवले आहे. पुढच्या बाकावर मीच बसणार.