बापाचा आवाज

"तुझा चेहरा फारच खरा आहे रे. आपल्याला नट हवाय."

दिग्दर्शक असं म्हणाला आणि हॉलमधली दहा-बारा माणसं हसली. कुवेतमधल्या सालमियातला त्याचा फ्लॅट, शुक्रवारची दुपार. मी सिनेमाच्या संहितेची पानं हातात धरून उभा. होडीवाल्याचं काम मला द्या, एवढंच म्हणालो होतो. तो पुढे म्हणाला, "तू सुतार ना? त्यापेक्षा सेटवरच्या होडीचं माप घे."

मी माप घेतलं. सगळ्यांच्या देखत.

ती होडी माझ्या बापाची होती. म्हणजे गोष्ट त्याची. कुडाळच्या बाजूला आमचं गाव. बाप खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचा. पलीकडून माणूस ओरडला की जेवणावरून उठायचा. मग पूल झाला. त्या दिवसापासून तो नुसता काठावर बसून राहिला. हे सगळं मी दिग्दर्शकाला त्याच्या किचनची कपाटं बसवताना सांगितलं होतं. त्यानं पाणी दिलं, दोनदा विचारलं, "मग पुढे काय झालं?" मला बरं वाटलं. इथं कुवेतमध्ये सुताराला असं कोण विचारतं? दोन महिन्यांनी कळलं, मराठी मंडळी स्वतःच्या हिमतीवर सिनेमा करतायत. दक्षिण कोकणातल्या होडीवाल्याचा.

बापाचं काम एका बँकेतल्या साहेबाला मिळालं. गोरा, उंच, आवाज भारदस्त. मालवणी शून्य. ती शिकवायला मीच. दर शुक्रवारी एगैलातल्या माझ्या खोलीवरून बस पकडून जायचो. बापाचं वाक्य मी त्याच्या तोंडात घालायचो:

"पूल झालो. आता माका कोण हाक मारतलो?"

तो म्हणायचा, "आता मला कोण हाक मारेल?" आणि सगळे म्हणायचे, वा!

मी जळायचो. खोटं कशाला सांगू. त्याच्या खांद्यावरच्या पंच्याकडे बघून जळायचो. तो पंचा बापासारखा कसा टाकायचा, तेही मीच दाखवलेलं. कॅमेरा त्याच्याकडे वळला की वाटायचं, ह्याचा पाय घसरावा. फळ्या ठोकताना हातोडा त्याच्या नावानं पडायचा. खोलीवर आलो की आरशासमोर तेच वाक्य म्हणायचो. माझं बरोबर यायचं. कुणी ऐकत नव्हतं.

शूटिंग संपलं. एका शुक्रवारी दिग्दर्शकानं बोलावून घेतलं. बेडरूमच्या कपाटात ब्लँकेटं लावून माईक ठेवला होता. साहेबही तिथंच बसलेले.

"त्यांना मालवणी जमत नाहीये," दिग्दर्शक म्हणाला. "आवाज तू दे."

"आणि नाव?"

"नाव कसं टाकणार? लोकांना कळेल ना. आभारात टाकू. कारपेंटर म्हणून."

तरी मी आत गेलो. हे लिहिताना लाज वाटते, पण गेलो. बापाचं वाक्य म्हणालो. त्यांनी ते पडद्यावर जोडून दाखवलं. साहेबांचे ओठ हलले आणि आतून माझा बाप बोलला. साहेब खूश होऊन म्हणाले, "अरे, एकदम मीच वाटतोय!"

इतके दिवस मला वाटायचं, ह्यानं माझी जागा घेतली. आत्ता कळलं, ती मीच त्याला तासून, रंधा मारून देत होतो.

"पुसून टाका," मी म्हणालो.

"काय?"

"माझा आवाज. माझ्यासमोर पुसा."

"डोकं फिरलंय का तुझं? लायकीत राहा. ह्या माणसांत तुला बसायला मिळतंय, हे काय कमी आहे?"

"सर, गोष्ट माझ्या बापाची. आवाज माझा. तुम्ही पुसेपर्यंत मी इथून हलत नाही."

मी दारात उभा राहिलो. शेवटी त्यानं पुसला. साहेब मोबाईलमध्ये बघत राहिले.

सिनेमा लागला. 'कोण हाक मारेल' वर लोक रडले म्हणे. आमच्याच खोलीतला एकजण जाऊन आला, त्यानं सांगितलं. त्या रात्री मी जेवलो नाही. साहेबांचे फोटो मोबाईलवर फिरले, ते मी मोठे करून करून बघितले. सालमियातली कामंही मला मिळेनाशी झाली.

आता सुट्टीत गावी जाईन तेव्हा माझा सिनेमा खाडीवरच करणार आहे. मोबाईलवर. बापाचं काम मी करणार, मालवणीत, कुणाला कळो न कळो. नाव पहिलं बापाचं, मग माझं. जळणं थांबलेलं नाही. ते कुणाच्या आभारानं विझू देणार नाही.