मोठ्या आईचा डावा खांदा

वहिनीला आडवं पडून झोपलेलं मी त्या काळात कधी पाहिलं नाही. भिंतीला पाठ टेकून ती बसल्या बसल्याच डोळे मिटायची आणि डाव्या खांद्यावर माझी मुलगी उभी धरलेली असायची. खांद्यावर एक जुना पंचा. तिच्या प्रत्येक लुगड्याला त्या बाजूनं फाटलेल्या दुधाचा वास यायचा. कितीही धुवा, जायचा नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या, वारलेल्या भावाची बायको. मुलगी तिला मोठी आई म्हणायची. आम्ही कारध्याला एकाच घरात राहत होतो. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी नदीवरचा पूल ओलांडून भंडाऱ्याला कचेरीत जायचो.

मुलीच्या पोटात काही टिकत नव्हतं. आडवी ठेवली की पाजलेलं सगळं वर यायचं, कधी श्वासात जायचं. एकदा बायकोच्या मांडीवरच ती निळी पडली. त्या दिवसापासून बायको तिला पाजायलाही घाबरायची. वहिनीनं मुलीला उचललं, ते उचललंच. धानाच्या रोवण्याला मजुरीनं जाणं सोडलं, जेवायची तेही उभ्यानं. शेजारीण चिडवायची, "पोरगी तुही का देराची?" वहिनी म्हणायची, "पोरगी देराची, खांदा माहा."

दूध पाजून झालं की ती पाठीवर थोपटत अंगणात फेऱ्या मारायची. ढेकर आल्याशिवाय बसायची नाही. ढेकर आली की म्हणायची, "झाली बाई हजेरी." मी कचेरीत निघताना हे ऐकून हसायचो. आता हसू येत नाही.

दुसऱ्यांदा निमोनिया झाला तेव्हा नागपूरच्या लहान मुलांच्या सर्जननं स्पष्ट सांगितलं की, अन्ननळीच्या खालचं तोंड सैल आहे, औषधांनी भागत नाही, पोटाचा वरचा भाग नळीभोवती गुंडाळून टाके घालावे लागतील. मी म्हणालो, विचार करून सांगतो. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं की एवढ्याशा पोराचं पोट कोण फाडू देईल, मोठी झाली की आपोआप थांबेल. भीती होती, ती खरीच होती. पण खरं कारण आज लिहितो. वहिनीच्या खांद्यावर ती ठीक राहत होती, आणि पलीकडच्या खोलीत मला झोप लागत होती. घाई कसली होती?

एका सकाळी वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रात्री बसल्या बसल्या तिला डुलकी लागली होती, मुलगी खांद्यावरून घसरली, आणि तिचा श्वास परत यायला वेळ लागला होता. तिनं पंचा माझ्या खांद्यावर टाकला, मुलगी माझ्याकडे दिली.

"भाऊजी, माहा खांदा दवाखाना नोहे. आज तुमी धरा."

एवढं बोलून ती आत गेली. दुपारपर्यंत माझा हात बधिर झाला, सदरा भिजला. बसायला गेलो की पोर खोकायची. संध्याकाळी मीच म्हणालो, नागपूरला जाऊ.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी आल्यावर वहिनीनं सवयीनं मुलीला खांद्यावर घेतलं आणि थोपटत राहिली. ढेकर येईना. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता उलटी होणार नाही, ढेकरही सहज येणार नाही. मी तसं सांगितलं. वहिनी थांबली.

"मंग आता मी कायले थोपटून राहिलो?"

आम्ही हसलो. तीही हसली. पंचा मात्र खांद्यावरच राहिला.

पुढं माझी बदली साकोलीला झाली. वहिनी कारध्यालाच राहिली. आमचं जाणं सणावारापुरतं उरलं. मुलगी सगळ्यांना सांगायची, मला ऑपरेशननं वाचवलं. मी कधी त्यात भर घातली नाही.

गेल्या वर्षी वहिनी गेली. मुलगी आता कॉलेजात आहे. अंगणात वहिनीला चटईवर सरळ निजवलेलं पाहून मी तिथंच खाली बसलो. मुलीला वाटलं, उन्हामुळं असेल.

परतताना साकोलीच्या बसमध्ये मी तिला सगळं सांगितलं. तो खांदा, तो पंचा, ती सकाळ. तिनं विचारलं, "मोठी आई रातभर बसून राहायची, तं तुमी काय करत होते, बाबा?"

"झोपून राहायचो, बेटा."