दुपारी बरी होणारी मुलगी

समोरच्या घरातून गरम तिळाच्या तेलाचा वास येतोय. कुणाचे तरी गुडघे चोळून देणं चाललं असेल. हा वास आला की पूर्वी मी खिडकी लावून घ्यायचे. आता लावत नाही. मी गॅस बारीक करून नुसती उभी राहते, आणि मुलुंडच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांतल्या सकाळी आठवत राहतात.

लेक तेव्हा पहिलीत होती. सकाळी पलंगावरून उतरायलाच तयार नसे. उतरलीच तर भिंत धरून, ताठ गुडघ्यांनी चालायची आणि बुटात पाय घालताना रडायची. दुपारी मात्र सोसायटीच्या आवारात हीच पोर लंगडी घालताना दिसायची. मी कचेरीत अर्ज तपासणारी बाई. खरंखोटं आपल्याला लगेच कळतं असा माझा समज. शाळा बुडवायची नाटकं, असं मी ठरवून टाकलं आणि तिला हाताला धरून भराभरा जिना उतरवत राहिले. सासूबाई त्याच खोलीत स्वतःच्या संधिवाताला हेच तेल चोळत बसलेल्या असत. एवढ्याशा पोरीला वात कुठला, असं त्यांचं; मालवणीत म्हणायच्या, "चेडवाक खयचो वात? हाडा वाढतत तिची." काखेत कळसा होता आणि आम्हा दोघींनाही तो दिसला नाही.

मग एक गुडघा सुजला आणि सूज उतरेना. घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंनी मला नाही, तिलाच विचारलं, "सकाळी उठल्यावर पाय किती वेळ आखडलेले असतात गं?"

लेकीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आखडत नाहीत. मी नाटक करते."

बाईंनी मला काही सुनावलं नाही. लहान मुलांनाही संधिवात होतो, रात्रभर पडून सांधे आखडतात, हालचालीनं सैल होतात, म्हणून दुपारी मूल खेळताना दिसतं, एवढंच त्यांनी समजावून सांगितलं. त्यानंतर मी काहीही चुकवलं नाही. आठवड्याचं इंजेक्शन, सकाळी गरम पाण्याची आंघोळ, मग व्यायाम, शाळेत जमिनीऐवजी खुर्ची. हा आजार डोळ्यांतही गुपचूप शिरतो म्हणून ठरल्या वेळी डोळ्यांची तपासणी. वर्षानुवर्षं केलं सगळं, पाट्या टाकल्यासारखं. गुडघा सरळ राहिला. त्या दिवशी दवाखान्यात मला रडू आलं नव्हतं, ते अजूनही आलेलं नाही.

आता ती अंधेरीला कॉलेजात जाते. आजार बराच काळ निजलेला होता. गेल्या महिन्यात तिचं मनगट सुजलं, हे मला टेबलावरच्या औषधाच्या चिठ्ठीवरून कळलं.

"मला का नाही सांगितलंस गं?" मी विचारलं.

"डॉक्टरांना दाखवलं ना आधी," ती पोळी खाता खाता म्हणाली. "त्यांनी लिहून दिलं की तुला पटतं."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ताट उचलून ती आत गेली. दिवस जातील तसं सगळं निवतं म्हणतात, आणि सांध्यांपुरतं ते बरंचसं खरंही निघालं. आता ती नुसतं दुखतंय म्हणाली, तरी मी लगेच मानीन. पण ती म्हणत नाही.